रिटायर्ड घोडी आणि रोटीची वाईन

लोणावळ्याची भजी आणि मुळशीचा ट्रॅफिक, दोन्हींचा कंटाळा आलाय? मग या रविवारी गाडी उलट्या दिशेला काढा. सकाळी रेसमधून निवृत्त झालेले घोडे, दुपारी वाईन आणि परतताना ताजी बिअर. सगळं एकाच रस्त्यावर!

पुणेकराला विकेंड म्हटलं की गाडी आपोआप पश्चिमेला वळते. पूर्वेचा सोलापूर रोड म्हणजे आपल्या लेखी पंढरपूरची एसटी, हडपसरचा सिग्नल आणि बारामतीला निघालेल्या पांढऱ्या गाड्या. विकेंडच्या यादीत त्याला कुणी घेत नाही. पण हाच रस्ता कॅम्पात रेसकोर्सच्या कुंपणाला लागून सुरू होतो. १८३० साली लष्करी जागेवर तयार झालेल्या या मैदानात आजही पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, घोडे धावतात. हिवाळ्यात सगळा लवाजमा मुंबईला महालक्ष्मीला जातो. पुढे हडपसर-मांजरी, मग उरुळी कांचन, यवत, चौफुला, आणि पाटसहून बारामतीकडे वळलं की रोटी. तुकोबांची पालखी जिथून चढते ना, तोच रोटी घाट. शहरापासून सत्तरेक किलोमीटर. रेसचे घोडे, लशी आणि द्राक्षं या एका रस्त्यावर कशी आली, हे मला त्या दिवशी टप्प्याटप्प्यानं कळत गेलं.

आम्ही चौघं होतो. हिंजवडीतले दोन आयटीवाले, एक एचआरवाली आणि फ्रीलान्सर मी. आयटीवाल्यांपैकी एक जण अजिबात पीत नाही. अशा ट्रिपमध्ये तो देवमाणूस! गाडीची किल्ली आम्ही आदल्या रात्रीच त्याच्या हातात दिली.

लगाम ओढला की पळायचं

यवतच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की उसाच्या मधोमध एक शेत लागतं. सहा घोडे, एक मोतद्दार, दोन कुत्री आणि पंचावन्नच्या पुढच्या मालकीणबाई. सहापैकी चार घोडे रेसमधून निवृत्त झालेले. पाटी नाही, सेल्फी पॉइंट नाही. बाईंनी आधी आम्हाला खाली-वर न्याहाळलं, मग चहा दिला, आणि मग हातात खराऱ्याचा ब्रश! “आधी अर्धा तास खरारा करायचा. त्याला तुम्ही पटलात, तर बसायचं.”

माझ्या वाट्याला आली एक कुमैत घोडी. नऊ वर्षांची, उंच, अंगावर प्रत्येक शीर दिसेल अशी पातळ कातडी. तिची शेवटची रेस पाचव्या वर्षी झाली. पुढच्या पायाच्या शिरेला मार बसला आणि करिअर संपलं. आपण पाचव्या वर्षी सीनिअर केजीत असतो!

थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच पैदास केलेला घोडा, दोन-तीन वर्षांचा असताना मैदानात उतरतो. बहुतेकांचा खेळ पाच-सहा वर्षांपर्यंत आटोपतो. पण नीट सांभाळला तर घोडा पंचवीस वर्षं आरामात जगतो. म्हणजे नोकरी तीन वर्षांची आणि रिटायरमेंट वीस वर्षांची, तीही पेन्शनशिवाय. चांगल्या घराण्याचे, मोठ्या रेस जिंकलेले घोडे स्टड फार्मवर पैदाशीसाठी जातात, त्यांची चिंता नाही. बाकीच्यांचं काय, हे नशिबावर. कुणी रायडिंग स्कूलमध्ये जातो, कुणी माथेरानला टुरिस्टना फिरवतो, कुणाच्या पाठीवर वरातीतला नवरदेव चढतो. आणि कुणाचा पत्ताच लागत नाही.

नवीन नोकरी शिकवणंही सोपं नसतं. बाईंनी सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. साध्या घोड्याचा लगाम ताणला की तो थांबतो. रेसच्या घोड्याला आयुष्यभर उलटं शिकवलेलं असतं. ताणलेल्या लगामावर भार टाकून तो आणखी जोरात सुटतो. जॉकी तोकड्या रिकिबीत, पाठीच्या वर उकिडवा बसतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना लोंबणारे माणसाचे पाय म्हणजे काय, हेही त्या घोड्याला माहीत नसतं. “सहा-आठ महिने तर याला फक्त चालायला शिकवण्यात जातात,” बाई म्हणाल्या. पळणं थांबवून चालायला शिकायचं. आमच्यातल्या हिंजवडीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

घोडीवर मी वीस मिनिटं होते आणि ती संपूर्ण वेळ चालली. एकदाच, लांबच लांब सरळ बांध दिसला तेव्हा, तिचे कान पुढे झाले आणि मानेत वीज आल्यासारखं झालं. मोतद्दारानं नुसतं “हूं” केलं. कान परत मागे. ते दोन सेकंद मला पूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त आठवतात. ज्यांना सिनेमासारखं भरधाव सुटायचंय त्यांनी इथे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपण देतो त्या पैशांतून चंदीचा हरभरा येतो, लसूणघास येते, नालबंदाचं बिल भागतं. बाईंचा हिशेब रोखठोक आहे: “रविवारी माणसं आली नाहीत, तर सोमवारी मी सातवा घोडा घेऊ शकत नाही. आणि सातव्यासाठी फोन दर महिन्याला येतो.”

इंजेक्शनच्या बाटलीतला घोडा

चहा पिताना मी सहज विचारलं, पूर्वी या घोड्यांचं काय व्हायचं? बाईंनी हडपसरच्या दिशेला बोट दाखवलं.

पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ पासूनचा. त्यांच्याकडचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. तिथे घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताविरुद्धचं सीरम तयार व्हायचं. घोडे आपले, तर सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. कोव्हिशील्डचे दोन डोस घेताना आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं, की या कंपनीची सुरुवात रेसच्या म्हाताऱ्या घोड्यांपासून झाली?

इथे मला माझं गाव आठवलं. मी चिखलीची. पुण्यात हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, “म्हणजे पिंपरीजवळचं?” नाही हो! बुलढाणा जिल्ह्यातलं चिखली. बुलढाण्यापासून पंचवीसेक किलोमीटर, सोयाबीनचा मुलूख. आमच्याकडे स्टड फार्म नाहीत, वाईनरी तर नाहीच नाही. पण घोडा आमच्या तालुक्यातही पोचलेला आहे, दहा मिलिलिटरच्या बाटलीतून.

सर्पदंशावर दिलं जाणारं अँटीव्हेनम घोड्याच्या रक्तातून तयार होतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी सूक्ष्म मात्रेत घोड्याला टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मग रक्त काढून त्यातला पातळ भाग वेगळा करतात, तांबड्या पेशी पुन्हा घोड्याला देतात, आणि तो पातळ भाग शुद्ध करून बाटलीत भरतात. विष बऱ्याच प्रमाणात येतं तमिळनाडूतल्या इरुला सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून. ती १९७८ पासून आहे. हाफकिनचे घोडे पिंपरीला असतात. म्हणजे पुणेकरांच्या त्या “पिंपरीजवळच्या चिखली”पासून हाकेच्या अंतरावर! अर्थात, आज या कामात सगळे काही रेसमधून आलेले घोडे नसतात. तट्टं आणि खेचरंही असतात. त्यांच्या देखभालीवर प्राणीमित्र संघटनांनी आक्षेपही घेतलेले आहेत, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

पण आकडा बघा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख लोक गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हे बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे लोक. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं त्यात ठरलंय.

माझ्या काकांना सोयाबीनच्या सुडीखाली घोणस चावली तेव्हा मी बारावीत होते. ग्रामीण रुग्णालयात काचेच्या नळीत त्यांचं रक्त वीस मिनिटं ठेवलं, गोठतंय का बघायला. गोठलं नाही. मग एकामागून एक बाटल्या सलाईनमधून गेल्या. काका वाचले, पायावर काळा डाग राहिला. यवतच्या शेतातून मी त्यांना फोन लावला आणि घोड्याची सगळी कथा सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “व्हय का वं? म्हंजे मले घोड्यानं वाचोलं म्हन ना!” आणि लगेच पुढचा प्रश्न, “त्याले काही खाऊ घातलं का तू?”

घातलं. बॅगेत होती तेवढी सगळी बिस्किटं. बाईंनी डोळे वटारले, कारण गोड चालत नाही.

पालखीच्या घाटात वाईन

तिथून रोटी अर्ध्या-पाऊण तासावर. यूबी ग्रुपनं २००६ च्या सुमारास उभी केलेली फोर सीझन्स वाईनरी माळावर अचानक दिसते, एखाद्या फ्रेंच गढीसारखी. आजूबाजूला बाभळी, मेंढरं आणि मध्येच ही इमारत! सुरुवातीला जरा फिल्मी वाटतं. पण तळघरात ओकच्या पिंपांच्या रांगा आणि तो थंड, आंबूस वास आला की गप्प व्हायला होतं.

द्राक्षांचा इथला फंडा वेगळा आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलची खरड छाटणी फक्त काडी तयार करण्यासाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. काढणी जानेवारी ते मार्च. त्यामुळे पुण्याची रेस आणि वेलीवरची पिकलेली द्राक्षं एकाच ट्रिपमध्ये बघायला मिळत नाहीत. द्राक्षं बघायची तर फेब्रुवारीत जा. आणि हो, वाईनचं द्राक्ष खाल्लं तर तोंड वाकडं होईल. बारीक, जाड सालीचं, बियांचं. आपलं सोनाका वेगळं.

टेस्टिंगमध्ये पांढऱ्यापासून सुरुवात. शनँ ब्लाँला पेरूचा वास येतो म्हणे. मला खरंच आला. एचआरवालीला कशातच काही आलं नाही आणि तिनं ते बेधडक सांगितलं. मला ते आवडलं. येत नसेल तर माना डोलावू नका! शिराझ मात्र चौघांनाही, म्हणजे तिघांनाही, पटली. जांभूळ आणि मागून मिरीची चुणूक. एक टिप घरी वापरा: रेड वाईन “रूम टेम्परेचर”ला प्यायची म्हणतात, ती रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यातल्या कोथरूडच्या फ्लॅटची नाही. प्यायच्या आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

२००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष वाईनसाठी वेगळं धोरण आणलं आणि त्यानंतर नाशिकपासून बारामतीपर्यंत वाईनऱ्या उभ्या राहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच.

शेवटी बिअर

संध्याकाळी मुंढव्यात. मायक्रोब्रुअरीचं वेड पुण्यात २००९ मध्ये डूलालीनं लावलं, आता जागोजागी तांब्याच्या टाक्या दिसतात. वाईननंतर लगेच बिअर पिऊ नये, असं जाणकार सांगतात. म्हणून आम्ही मध्ये दोन तास, एक मिसळ आणि तीन लिटर पाणी ठेवलं. लहान ग्लासांचा सॅम्पलर मागवा, पिचर नको. गव्हाची बिअर उन्हातून आल्यावर मस्त. काळी स्टाउट मी एका घोडीच्या आठवणीनं घेतली. अमेरिकेची झेन्याटा वीसपैकी एकोणीस रेस जिंकली, आणि तिचा ट्रेनर तिला गिनेस स्टाउट पाजायचा. देवमाणूस लिंबू सोडा पीत म्हणाला, “आणि मला काय?” त्याचं बिल आम्ही भरलं.

जाणार असाल तर थोडं ध्यानात ठेवा. घोडे आधी, ग्लास नंतर, क्रम बदलायचा नाही. महाराष्ट्रात वाईन-बिअरसाठी वय २१ लागतं, हार्ड ड्रिंक्ससाठी २५, आणि परमिटही काढावं लागतं. घोड्यांच्या शेतावर आणि वाईनरीत आधी फोन करून वेळ घ्या. रायडिंगला फुल पँट आणि बंद बूट हवेत, शॉर्ट्समध्ये मांड्या सोलतात. तुमचं वजन विचारलं तर खरं सांगा, पाठ घोड्याची आहे. बिस्किटं, साखर काही नेऊ नका. गाजरं न्या, हडपसरच्या भाजी मार्केटमधून, निदान दोन किलो. किलोभर सहा घोड्यांना पुरत नाहीत.