भिंतीआडची गॅसची नळी

मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांत हल्लीं स्वयंपाकाचा गॅस नळीनें येतो. ती पिवळी नळी डोळ्यांना खुपते, म्हणून गिलाव्याखालीं दडवावी असा आग्रह आमच्याहि घरीं तरुण मंडळींनीं धरला. आम्हीं त्यांस सांगितलें तें असें.

हा नैसर्गिक गॅस हवेहून हलका असतो. उघड्यावर गळला तर तो वर चढून झरोक्यावाटे निघून जातो, आणि त्यांत मुद्दाम मिसळलेल्या उग्र वासानें घर सावध होतें. भिंतींत गळल्यास मात्र तो पोकळीपोकळींतून दूरच्या कपाटांतहि सांचतो. वास एकीकडे, गळती दुसरीकडे! शिवाय ओलीनें नळी गंजते, आणि तसबिरीचा एक खिळाहि अनर्थास पुरतो.

तरीहि लपवावयाचीच असेल, तर प्रथम गॅस पुरविणाऱ्या संस्थेची संमति घ्यावी व काम तिच्याच माणसाकडून करवावें. भिंतींत एकहि सांधा नसावा. नळीवर गंजरोधक लेप व बाहेरून हवा खेळणारें वेष्टण असावें. गिलाव्यापूर्वीं दाब देऊन परीक्षा व्हावी, आणि नळीच्या मार्गाचें मापांसह टिपण घरांत जपावें. बंद करण्याची तोटी मात्र सदैव हाताशीं उघडी हवी.

आमच्या घरीं अखेर नळी बाहेरच राहिली. दोष डोळ्यांसमोर असलेला बरा. झांकलेला दोष घर जाळतो.