प्रॉडक्ट बॅकलॉगचे परिष्करण व क्रमनिश्चिती

‘बॅकलॉग’ ह्या शब्दास मराठीत ‘अनुशेष’ हा प्रतिशब्द रूढ आहे. प्रादेशिक असमतोलासंबंधी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९८४ साली सादर झाला, तेव्हापासून तर हा शब्द महाराष्ट्रातील सार्वजनिक चर्चेत चांगलाच स्थिरावला. जे व्हावयास हवे होते पण झाले नाही, ते अनुशेष. तो भरून काढणे हे कर्तव्यच ठरते. अजाइल पद्धतीने चालणाऱ्या प्रकल्पांतील ‘प्रॉडक्ट बॅकलॉग’ ही संज्ञा ह्या अर्थाने घेतल्यास मात्र घोटाळा होतो. तेथे ती उत्पादनात पुढे करता येण्याजोग्या सुधारणांची क्रमवार यादी असते. यादीत नोंद झाली म्हणजे ते काम करण्याचे वचन दिले गेले, असे नव्हे.

केन श्वेबर व जेफ सदरलंड यांच्या ‘स्क्रम गाइड’ची पहिली आवृत्ती २०१० साली निघाली. २०११ च्या आवृत्तीत ह्या यादीचे वर्णन करताना ‘प्राधान्य’ ह्या कल्पनेची जागा ‘क्रम’ ह्या कल्पनेने घेतली, तर २०१३ मध्ये यादीच्या निगराणीस ‘रिफाइनमेंट’, म्हणजे परिष्करण, हे नाव मिळाले. नोंदींचे लहान व नेमक्या नोंदींत विभाजन करणे, त्यांचा तपशील भरणे आणि आकारमान अंदाजणे, हे त्याचे स्वरूप होय. वरवर पाहता हे शब्दांचे फेरफार वाटतात. तथापि प्राधान्य व क्रम ह्यांतील भेद हिशेब मांडल्यावाचून ध्यानी येत नाही.

समजा, एखाद्या सहकारी बँकेच्या संगणकप्रणालीसाठी दोन कामे यादीत आहेत. कर्जप्रकरणांची छाननी संगणकावर आणण्यास आठ आठवडे लागतील, आणि ती होईपर्यंत दर आठवड्यास ४ लाख रुपयांचे नुकसान होत राहील. मोबाइलवरून हप्ता भरण्याची सोय एका आठवड्यात होईल. तिच्या अभावी आठवड्यास १ लाखाचे नुकसान आहे. महत्त्वाचे काम कोणते, असे विचारल्यास कोणीही पहिल्याकडेच बोट दाखवील. ते आधी केल्यास एकूण नुकसान ३२ व ९ मिळून ४१ लाख होते. उलट क्रमाने गेल्यास १ व ३६ मिळून ३७ लाख. अधिक महत्त्वाचे काम मागे ठेवूनच ४ लाख वाचतात. साप्ताहिक नुकसानीस कालावधीने भागून जे काम मोठे गुणोत्तर देईल ते आधी घ्यावे, हा नियम वेन स्मिथ यांनी १९५६ साली एका यंत्रावरील कामांच्या अनुक्रमासंबंधी सिद्ध केला होता. डोनाल्ड राइनर्टसेन यांच्या २००९ च्या ग्रंथाने उत्पादनविकासाच्या क्षेत्रात विलंबाच्या किमतीचा हा विचार विशेष प्रचारात आणला.

परंतु खरा लाभ ह्यापुढे आहे. छाननीच्या कामातून सोनेतारण कर्जाचा भाग निराळा काढता आला, त्यास दोन आठवडे पुरले व त्यानेच ३ लाखांचे साप्ताहिक नुकसान थांबले, तर उरलेल्या सहा आठवड्यांच्या कामापोटी केवळ १ लाख राहतात. आता सोनेतारण, मग हप्त्याची सोय, शेवटी उर्वरित छाननी असा क्रम लागतो, आणि एकूण नुकसान ६, ३ व ९ मिळून १८ लाखांवर येते. श्रम तेच, नऊ आठवड्यांचे. नुकसान निम्म्याहून कमी. म्हणून आधी नोंदी फोडाव्यात व मग सावकाश क्रम लावावा, असे दोन कप्पे करता येत नाहीत.

विभाजन कसे केले, ह्यावरही पुष्कळ अवलंबून असते. विदागाराचा भाग एक, पडद्यावरील भाग दुसरा, अशी तोडणी विकासकांस सोयीची वाटते. पण अखेरचा तुकडा जोडला जाईपर्यंत बँकेस कशाचाच उपयोग नसल्याने वरील हिशेब जागचा हलत नाही. कोणता भाग स्वतंत्रपणे उपयोगी पडेल हे प्रॉडक्ट ओनर जाणतो, तर तो वेगळा काढणे शक्य आहे की नाही हे विकासकांस ठाऊक असते. परिष्करणाच्या बैठकीत दोघेही हवेत ते यासाठीच.

हे सारे आकडे अंदाजाचे आहेत, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र वरील उदाहरणात सोनेतारणाचा आकडा २ लाखांहून अधिक असेतोवर त्याचा पहिला क्रमांक ढळत नाही. तेव्हा तो ३ लाख की साडेतीन, ह्या वादात बैठकीचा वेळ घालवण्याचे कारण नाही. अर्थात एक काम दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर स्मिथ यांचा साधा नियम पुरा पडत नाही.

परिष्करणास संघाच्या क्षमतेच्या १० टक्क्यांहून अधिक वेळ सहसा लागत नाही, असे २०१३ च्या आवृत्तीत म्हटले होते. २०२० च्या आवृत्तीत तो आकडा नाही. यादीच्या तळाशी असलेल्या नोंदींचा तपशील भरत बसल्यास कोणतीही मर्यादा अपुरी ठरेल. त्यांचा क्रम येईतो परिस्थिती पालटलेली असते.

उर्वरित छाननीचे ते सहा आठवडे अशाच तळाच्या नोंदीत जाऊन बसले आहेत. आठवड्यास १ लाख वाचवण्यासाठी ते खर्चावेत की नोंद सरळ खोडून टाकावी, हा प्रश्न आता तरी विचारता येतो. आठ आठवड्यांच्या मूळ नोंदीत तो कोणास दिसलाच नसता.