वाडीत रेंज का येत नाही? लहरींच्या लिलावाचं गणित समजून घ्या

अकोले तालुक्यातल्या डोंगराआडच्या वाड्यांमध्ये आजही अनेक ठिकाणी फोन लावायला उंचवट्यावर जावं लागतं. दोष दरवेळी फोनचा नसतो.

फोन चालतो रेडिओ लहरींवर. त्यालाच स्पेक्ट्रम म्हणतात. एकाच पट्ट्यात दोघे घुसले तर गोंधळ होतो, म्हणून कोणता पट्टा कुणाला द्यायचा ते केंद्र सरकार ठरवतं. या लहरी जनतेची मालमत्ता आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं. मग त्या द्यायच्या कशा, लिलावाने की गरज पाहून?

2012 मध्ये टू-जी प्रकरणात न्यायालयाने 122 परवाने रद्द केले आणि त्यानंतर लिलावच रूढ झाला. तिजोरीत पैसा आला, हे खरं. पण 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचं काय झालं बघा. या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. कमी टॉवरमध्ये जास्त गावं, म्हणजे खेड्यांच्या कामाचा पट्टा! 2016 च्या लिलावात त्याची मूळ किंमत देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये होती. कुणीच बोली लावली नाही. 2021 मध्ये 6,568 कोटी, तरी गिऱ्हाईक नाही. 2022 मध्ये 3,927 कोटींवर आणल्यावर जिओने घेतला. नेप्तीच्या बाजारात न विकलेला कांदा सडतो. लहरी सडत नाहीत, पण वापराविना गेलेली सहा वर्षं परतही येत नाहीत.

बरं, पट्टा विकला गेला तरी चाळीस घरांच्या वाडीसाठी टॉवर उभारणं कंपनीला परवडत नाही. म्हणून दुसरी वाटही ठेवली आहे. कंपन्यांच्या महसुलातला ठराविक हिस्सा सरकारी निधीत जातो, त्याचं आताचं नाव डिजिटल भारत निधी. याच निधीतून 24,680 गावांना फोर-जी देण्यासाठी जुलै 2022 मध्ये 26,316 कोटींची योजना मंजूर झाली. काम बीएसएनएलकडे आहे. जून 2023 मध्ये केंद्राने बीएसएनएलला 700 चा पट्टाही विनालिलाव देण्याचं ठरवलं.

पण लहरी मिळाल्या म्हणजे रेंज आली असं नाही. टॉवरला जागा लागते, वीज लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात तर वन खात्याची परवानगीही लागते. आपल्या जवळ कोणत्या कंपनीचे टॉवर आहेत, हे दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर मोबाइलवरूनच पाहता येतं. ग्रामसभेत टॉवरची मागणी करण्याआधी ते तपासून घ्यावं.