हिंसक गुन्हा केलेला मुलगा : कोठडी की उपचार?

वस्तीतल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून खून झाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, 'फाशी द्या.' दुसरा म्हणतो, 'पोरगं लहान आहे, सोडून द्या.' या दोन्हींच्या मधे तिसरा रस्ता आहे : मुलाला बंदोबस्तात ठेवायचे, पण तिथे शिक्षेऐवजी मानसोपचार हे मुख्य काम असायचे. या रस्त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

कायदा काय म्हणतो?

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षे शिक्षा आहे तो निर्घृण गुन्हा. असा गुन्हा १६ ते १८ वयाच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करते. मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्यामागची परिस्थिती त्यात पाहिली जाते. त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा का, हे ठरते. मंडळात मानसशास्त्र किंवा बाल मानसोपचाराची पदवी असलेले कोणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले.

कलम ४९ प्रमाणे प्रत्येक राज्यात अशा मुलांसाठी किमान एक 'सुरक्षित ठिकाण' हवे. मूल मानसिक आजारी किंवा व्यसनाधीन असेल तर कलम ९३ खाली त्याला उपचारासाठी हलवता येते. म्हणजे कायद्यात दार आहे. पण दाराच्या आत रोज नेमके काय करायचे, हे कलमात लिहिलेले नसते. तिथे कार्यक्रम लागतो.

मेंडोटाचा अनुभव

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९९५ मध्ये मॅडिसन शहरातील मेंडोटा मनोरुग्णालयाच्या आवारात असे केंद्र सुरू केले. बालसुधार तुरुंगालाही न आवरणारी मुले तिथे पाठवली जातात. केंद्राचा कारभार आरोग्य विभागाकडे आहे. वॉर्ड लहान, कुलपे पक्की, पण रोजचे काम मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिकांच्या हाती.

त्यामागचा विचार सोपा आहे. मुलगा उद्धटपणा करतो, त्याला शिक्षा होते, शिक्षेने राग वाढतो, मग तो आणखी उद्धट होतो. हे चक्र फिरत राहिले की शेवटी मुलाकडे गमावण्यासारखे काहीच उरत नाही. मेंडोटात हे चक्र तोडतात. मुलाच्या वागण्याची रोज नोंद होते आणि त्यावरून उद्याच्या सवलती ठरतात. आज मारामारी केली तर उद्या सवलत जाते, पण परवा ती पुन्हा कमावता येते. उपचार मात्र थांबत नाहीत.

संशोधकांनी इथे उपचार घेतलेल्या १०१ मुलांची तुलना नेहमीच्या सुधारगृहातील १४७ मुलांशी केली. सुटकेनंतरच्या काळात तुलनेच्या गटातील मुलांच्या हातून १६ खून झाले. उपचार घेतलेल्या गटातून एकही नाही. मुले चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही. तरीही फरक मोठा आहे. खर्चाचा हिशोबही झाला : उपचारावरच्या प्रत्येक जादा डॉलरमागे सुमारे सात डॉलर वाचले.

अंगुलिमालाची आठवण

आपल्याला हे नवीन वाटू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाच्या धम्मदीक्षेची कथा घेतली आहे. राजा प्रसेनजित त्याला पकडायला निघाला होता. तथागतांनी अंगुलिमालाला मोकाट सोडले नाही आणि मारूही दिले नाही. त्याला संघाच्या शिस्तीत आणले. सुत्तात पुढचा भागही आहे : भिक्खू झाल्यावरही लोकांनी त्याला दगड मारले. बदललेल्या माणसाला समाजाने परत घेणे, हा उपचाराचा शेवटचा आणि सर्वांत अवघड टप्पा असतो.

ज्याचा जीव गेला तोही बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. त्याच्या आईचे दुःख बाजूला सारून ही चर्चा करता येणार नाही. पण हा मुलगा एक दिवस बाहेर येणारच आहे. प्रौढ म्हणून शिक्षा झाली तरी कायदा त्याला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देऊ देत नाही. तो कसा होऊन बाहेर येईल, हा पुढच्या आईच्या मुलाचाही प्रश्न आहे.

आपण काय करू शकतो?

मुलाला मोफत वकील मिळतो, तो मागा. प्राथमिक मूल्यांकनाला मानसतज्ज्ञ होता का, हे विचारा. मुलाची वैयक्तिक काळजी योजना तयार झाली आहे का आणि तिच्यात उपचार आहेत का, हे पाहा. त्याचे नाव व फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. कलम ७४ नुसार ओळख उघड करणे गुन्हा आहे. आणि आपल्या जिल्ह्यातल्या आमदारांना एक प्रश्न विचारा : राज्याच्या 'सुरक्षित ठिकाणी' पूर्णवेळ मानसोपचारतज्ज्ञ किती आहेत?

विहारात आपण दर आठवड्याला मैत्री भावना करतो. सुटून आलेला मुलगा विहाराच्या दारात उभा राहील, त्या दिवशी तिची परीक्षा असेल.