चौदा मीटरचा रस्ता

सेकंदाला १.२ मीटर. पायी चालणाऱ्या माणसाचा हा वेग वाहतूक अभियंत्यांच्या हिशेबात वर्षानुवर्षं धरला जातो. चौकातला हिरवा माणूस किती सेकंद पेटता ठेवायचा हे ठरवताना रस्त्याच्या रुंदीला या आकड्याने भागतात. रस्ता १४ मीटर रुंद असेल तर १४ भागिले १.२, म्हणजे साधारण १२ सेकंद. हा भागाकार आपल्या वर्गातली मुलंही करतील. पण हा १.२ आला कुणाच्या पायातून?

इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या तीन हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा चालण्याचा वेग मोजला गेला. २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुरुषांचा सरासरी वेग निघाला सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८. पुरुषांपैकी ८४ टक्के आणि स्त्रियांपैकी ९३ टक्के १.२ पर्यंत पोचतच नव्हते. म्हणजे अभियंत्यांचा 'सर्वसाधारण माणूस' या वयात जवळजवळ सापडतच नाही!

आता आपल्या १४ मीटरच्या रस्त्यावर ०.८ च्या वेगाने चालणाऱ्या आजी उतरवून पाहू. १२ सेकंदांत त्या ९.६ मीटर जातील. दिवा लाल होईल तेव्हा ४.४ मीटर रस्ता शिल्लक असेल. एका मार्गिकेची रुंदी साधारण साडेतीन मीटर असते. म्हणजे एक पूर्ण मार्गिका आणि वर थोडं अंतर त्यांना सुरू झालेल्या वाहनांसमोरून पार करायचं आहे. दिवा हिरवा झाल्यावर पहिलं पाऊल उचलायला लागणारा वेळ तर आपण धरलेलाच नाही.

'म्हातारी माणसं हळू चालतात' हे मुलांना सांगायला नको. पण का, हे विचारून पाहा. 'दमतात म्हणून' असं उत्तर बहुतेक वेळा येतं. प्रत्यक्षात मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या वयानुसार फारशी घटत नाही. पाऊल आखूड होतं. चालताना आपण बराच वेळ एकाच पायावर उभे असतो, दुसरा हवेत असतो. चालणं म्हणजे थोडंसं पडणं आणि वेळेवर सावरणं. तोल सावरणारी यंत्रणा मंदावली की शरीर एका पायावर असण्याचा काळ कमी करतं आणि दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा काळ वाढवतं. ते साधायला पाऊल आखूड टाकावं लागतं. शिवाय झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू वयाबरोबर जास्त झिजतात, आणि दचकून मागे सरायला किंवा अडखळल्यावर सावरायला नेमके तेच लागतात.

डोळ्यांचंही तसंच. बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, भिंग पिवळट होतं. विशीत नेत्रपटलावर जितका प्रकाश पोचतो त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीत पोचतो. संध्याकाळी पदपथाची कड दिसत नाही, म्हणून नजर पायांशी खिळते. आणि नजर पायांशी असली की येणारी मोटारसायकल दिसत नाही.

मग एक दिवस त्या रस्ता ओलांडणं सोडून देतात. पलीकडची भाजी मुलगा आणतो, देवळातल्या बाकावरच्या गप्पा बंद होतात. घरच्यांना वाटतं, बरं झालं, जपायला हवं. पण २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर तेवढ्यात त्यांच्या पायांतली जवळजवळ एक किलो स्नायूमय ऊती गेली. घरात बसणं म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे हे खरं. पण दिशा तीच आहे. वेग ०.८ चा ०.७ होतो आणि तोच रस्ता आणखी रुंद होतो.

२००७ सालीच जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धस्नेही शहरांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यासाठी ३३ शहरांतल्या सुमारे दीड हजार वृद्धांशी गटागटाने बोलून त्यांनाच अडचणी विचारल्या. भारतातली दिल्ली आणि उदयपूर त्यात होती. घर, वाहतूक, आरोग्यसेवा, मानसन्मान असे आठ विषय तिच्यात आहेत. मला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती विचारण्याचीच कल्पना.

उपाय फार महागडे असतात असंही नाही. सिंगापूरमध्ये २००९ पासून काही चौकांत ज्येष्ठ नागरिकांनी सवलतीचं कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवलं, की हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. गरज असेल तेव्हाच वेळ वाढतो, त्यामुळे वाहनंही विनाकारण खोळंबत नाहीत. अमेरिकेने २००९ साली गृहीत वेगच सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला. रुंद रस्त्याच्या मधोमध थांबायला सुरक्षित जागा केली तर १४ मीटरचे दोनदा ७ मीटर होतात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक ९.९ टक्के होते. आपल्याकडे अनेक चौकांत पादचाऱ्यांसाठी दिवाच नसतो, पदपथ उंच असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांप्रमाणे पदपथ १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा. शाळेसमोरचा मोजून पाहा.

वेग मोजण्याचा प्रयोगही मैदानात जमतो. चुन्याने दहा मीटर आखा. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर मोकळे सोडा, कारण सुरू होताना आणि थांबताना वेग कमी असतो. मुलांच्या आजी-आजोबांना बोलवा आणि रोजच्यासारखं चालायला सांगा. कुणी बघत असलं की माणूस जरा जोरात चालतो, म्हणून मुलांनी ओरडून उत्साह वाढवू नये! रस्त्याची रुंदी मोजायला मात्र मुलांना रस्त्यात उतरवू नका. कडेचा एक पांढरा पट्टा आणि त्याच्या शेजारची मोकळी जागा मिळून किती सेंटिमीटर ते मोजा, आणि समोरच्या कडेपर्यंतचे पट्टे पदपथावरूनच मोजून गुणाकार करा. दिव्याचे सेकंद तीन वेळा मोजून सरासरी घ्या. कोणत्या आजोबांना किती सेकंद कमी पडतात, तो तक्ता मुलं स्वतःच तयार करतील, आणि तो वाहतूक पोलिसांच्या चौकीत नेऊन देता येतो.