घरातली सायकल : घ्यायची तर कोणती?

पावसाळा लागला की महाड-पोलादपूरकडे चालण्याचा व्यायाम बंद पडतो. जून ते सप्टेंबर वस्तीतल्या वाटा चिखलाच्या आणि शेवाळाच्या, आणि महामार्गावर चालावं किंवा सायकल चालवावी तर अंगावर ट्रक येतात. साखरेचा पेशंट मे महिन्यापर्यंत नेमाने चालतो, मग चार महिने घरात बसतो आणि गणपतीनंतर तपासणीला येतो तेव्हा साखर चढलेली असते. गोळ्या त्याच, जेवण तेच, फक्त पाय थांबलेले. म्हणून घरात सायकल असावी हा विचार चांगलाच आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही ओढून घेतो. शिवाय सायकलवर शरीराचा भार गुडघ्यांवर येत नाही, त्यामुळे गुडघे झिजलेल्या आयांनाही ती झेपते.

प्रश्न पैशांचा आहे. मुंबई-पुण्याला नोकरी करणारी आपली मुलं हल्ली विचारतात, "ताई, आईसाठी स्मार्ट ट्रेनर घेऊ का? हप्त्यावर मिळतोय." तो घेण्याआधी ते यंत्र काय आहे हे समजून घ्या.

स्मार्ट ट्रेनर ही सायकल नव्हे. आपल्याच सायकलला मागून धरून ठेवणारं ते एक जड यंत्र आहे. एका प्रकारात मागचं चाक तसंच ठेवून त्याखाली रूळ दाबून बसवतात. दुसऱ्या प्रकारात मागचं चाक काढून टाकतात आणि सायकलची चेन थेट यंत्राच्या दातेरी चक्रांवर चढवतात. हे दुसरं यंत्र साधारण १५ ते २० किलोचं असतं. दोन्ही ब्लूटूथने मोबाइलला जोडतात. पडद्यावर चढण आली की यंत्र आतली चुंबकाची पकड वाढवतं आणि पेडल जड होतं. पायांनी किती जोर लावला ते वॅटमध्ये दिसतं. चाक काढायच्या चांगल्या यंत्रात हा आकडा एक-दोन टक्क्यांच्या फरकाने बरोबर येतो, रुळाच्या यंत्रात तीन ते पाच टक्के चुकू शकतो.

हा आकडा लागतो शर्यतवाल्यांना. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने केली. सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आहे ती. अशा तयारीत कोणत्या दिवशी किती जोर लावला हे मोजावं लागतं. सायकलच्या जागतिक संघटनेने २०२० मध्ये अशा यंत्रांवरची, घरात बसून खेळायची जागतिक स्पर्धाही भरवली. तुमच्या वस्तीतला एखादा मुलगा खरोखर शर्यतीत उतरत असेल तर त्याच्यासाठी ही वस्तू कामाची आहे. आईची साखर १८० वरून १४० वर आणायला वॅट मोजावे लागत नाहीत.

आणि ते यंत्र आपल्या सायकलला बसेलच असंही नाही. आपल्याकडची दुधाची, कामावर जायची काळी सायकल एका गिअरची असते, मागच्या चाकाला नट-बोल्टचा एक्सल, वर कॅरिअर, मडगार्ड आणि स्टँड. चाक काढायच्या यंत्राला बहुतेक वेळा गिअरची सायकलच लागते. रुळाच्या यंत्राला एक्सलचे वेगळे नट लागतात, चाकाचा आकार त्याच्या मापात बसावा लागतो, आणि खडबडीत टायर असेल तर रुळावर एवढा घरघराट होतो की भिंतीपलीकडचे लोक भांडायला येतील. म्हणजे आधी यंत्र, मग त्यासाठी नवी सायकल! यंत्रच तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या पुढे जातं. त्यावर ॲपची दरमहा वर्गणी, चांगलं नेट, आणि वीज. पोलादपूरच्या वरच्या गावांत पावसात वीज किती वेळ टिकते ते तुम्हाला माहीत आहे. वीज गेली की बरीचशी स्मार्ट यंत्रं नीट चालत नाहीत. खालच्या भागात राहणाऱ्यांनी २२ जुलै २०२१ ची रात्रही आठवावी. जमिनीवर ठेवलेलं विजेचं महाग यंत्र पाण्याखाली गेलं की भंगार. शून्य व्याज म्हणून दाखवलेल्या हप्त्यातही प्रोसेसिंगचे पैसे कापतात, ते कागदावर वाचा.

मग घ्यायचं काय? साधी चुंबकी एक्झरसाइज सायकल. ती आठ-दहा हजारांपासून मिळते, वीज लागत नाही, छोट्या पडद्याला दोन सेल पुरतात. स्वस्तात पट्टा घासून ब्रेक लागणारीही मिळते, पण तो पट्टा झिजतो, आवाज करतो. चुंबकाची शांत चालते. दुकानात बसून बघा : फिरणारं जड चाक एकसारखं फिरतं का, पेडल खालच्या टोकाला अडखळतं का, सीट वर-खाली आणि शक्यतो पुढे-मागेही सरकते का. किती किलो वजन पेलते हे लिहिलेलं असतं, घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाचा विचार करून घ्या. साठीच्या पुढच्यांना, कंबर दुखणाऱ्यांना, तोल जाणाऱ्यांना पाठ टेकायची सायकल घ्या, ती जागा जास्त खाते पण पडायची भीती नसते. दुरुस्तीला माणूस महाडपर्यंत येतो का हे पैसे देण्याआधी विचारा. मुंबईहून जुनी आणत असाल तर पट्टा आणि पेडलचा कट्टा हलवून पाहा.

सीटची उंची बहुतेकांची चुकते. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग पंजा ठेवला की गुडघा थोडा वाकलेला राहतो, तेच बरोबर. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो आणि दोष सायकलला जातो.

सुरुवात दहा मिनिटांनी करा. हळूहळू रोज तीस मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना सांगते ती किमान १५० मिनिटं होतात. एकदम जमत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं हळू चालवा, जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते. जोर किती? बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळातल्या ठोक्यांवर भरवसा ठेवू नका, कारण मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोल चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात, आणि आकडा गाठायच्या नादात माणूस दमून पडतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सायकलवर बसू नये. साखर १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खावं. जवळ साखर किंवा गूळ ठेवावा, हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच थांबून खावा. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालवू नका, नंतर तळवे बघा, जखम झाली तरी कळत नाही. बीपी १८० च्या वर असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठा. तिशीच्या पुढच्यांची बीपी आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना विचारून सुरुवातीलाच तपासून घ्या.

पत्र्याच्या खोलीत खिडकी उघडी ठेवा. घरात बसून पेडल मारताना अंगावर वारा येत नाही, त्यामुळे शरीर बाहेरपेक्षा लवकर तापतं. पंखा समोर हवा. पाणी जवळ हवं. घाम लोखंडावर पडून गंज चढतो, कोरड्या फडक्याने पुसत जा.

दहा बाय दहाच्या खोलीत सायकल ठेवायची कुठे हा प्रश्न खराच आहे. बचत गटातल्या दहा जणींनी मिळून एक सायकल घेतली तर प्रत्येकीला हजाराच्या आत पडते. विहाराच्या बाजूच्या खोलीत ती ठेवा, सकाळी बायकांची वेळ, संध्याकाळी पुरुषांची, वही टांगून नावं लिहा. एकटीचा व्यायाम आठवड्यात सुटतो, शेजारीण वाट बघत असली की सुटत नाही, हे मी अनेक वस्त्यांत पाहिलं आहे. फक्त साडीचा पदर आणि ओढणी खोचून बसा, आणि फिरत्या चाकाला झाकण नसेल अशी सायकल लहान मुलं येतात त्या खोलीत ठेवूच नका, बोटं अडकतात.