बुटीबोरीहून वर्धा: रेल्वे की भाड्याची गाडी?

बुटीबोरी हे नागपूर–वर्धा रेल्वेमार्गावरचं स्टेशन, आणि राष्ट्रीय महामार्ग 44ही गावावरूनच जातो. त्यामुळे वर्धा जिल्हा पाहायला निघालेल्यांना दोन्ही पर्याय खुले आहेत.

गांधीजी 1936 मध्ये जिथे राहायला आले, ते सेवाग्राम एवढंच पाहायचं असेल तर रेल्वेच बरी. मात्र सगळ्या गाड्या बुटीबोरीला थांबत नाहीत. परतीची वेळ आधीच बघून ठेवावी.

पवनारचा विनोबांचा आश्रम आणि बोर व्याघ्र प्रकल्पही जोडायचा, तर भाड्याची गाडी हवी. जंगलाच्या दारापर्यंत रूळ जात नाहीत. चालकासह टॅक्सी घेताना पिवळी नंबर प्लेट जरूर पाहावी.

इटलीच्या ग्रामीण भागातही असंच: फ्लॉरेन्सहून सिएनाला रेल्वे, वाल दोर्चाच्या टेकड्यांवरच्या गावांना गाडी. तिथे गाडी स्वतः चालवायची, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नागपूरच्या आरटीओतूनच काढून न्यावा.